दोन बोटं उतार

१० मे १९८६, शनिवार

वाट लागली! पूर्ण वाट!

चालू केल्यावर दोन मिनिटं झकास. मग सायलेन्सरमधून असा धूर - निळा-पांढरा, जाड - की आधी मामा दिसेनासा झाला, मग गाडी, मग समुद्र. सगुणामावशीने शेजारीच काठ्यांवर बोंबील वाळत टाकलेले. ती तशीच धावत आली.

"ए हरेश्वर! बोंबील सुकवतेय मी, धुरी कसली देतोस? गिऱ्हाईक काय म्हणेल, रॉकेलचे बोंबील?"

"पेट्रोलचे आहेत मावशी," मामा धुरातून म्हणाला. "महाग विक."

मी हसले. मग गाडीखाली घुसून बघितलं आणि हसू बंद. चूक माझी होती.

११ मे, रविवार

नीट लिहून ठेवते. मराठीतच. इंग्लिशमध्ये लिहायला घेतलं की शाळेतला निबंध होतो, शेवटी मॉरल येतं.

हरेश्वरमामा - आईचा भाऊ - खारदांड्याला होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. फियाट त्याची स्वतःची. दारूखान्याला, जुनी जहाजं मोडतात तिथल्या भंगारात, त्याला एक परदेशी टर्बो मिळाला आणि तेव्हापासून त्याचं डोकं फिरलंय. बारावीची परीक्षा संपल्यापासून माझंही.

टर्बो म्हणजे एका दांडीवर दोन पंखे. इंजिनातून बाहेर जाणारा गरम वारा एक पंखा फिरवतो, दुसरा पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. दांडी इतकी जोरात फिरते की ऑइल नसेल तर गेलीच. गंमत अशी की ऑइल आत जातं पंपाच्या जोरावर, पण बाहेर येतं फक्त स्वतःच्या वजनाने. आणि येतं तेव्हा ते ऑइल राहिलेलंच नसतं, फेस असतो. साबणाच्या पाण्यासारखा. बाहेरची वाट जरा अडली की तुंबतं आणि सायलेन्सरमध्ये घुसतं. मग बोंबील!

इंग्लिश मला येतं, मामाला नाही. म्हणून मी तिथे. अमेरिकन पुस्तकाची झेरॉक्स आहे - मामा तिला पोथी म्हणतो. मी वाचते, तो ऐकतो. पोथीत होतं ड्रेन लाइन. मी म्हटलं, मामा, आता ड्रेन. मामा म्हणाला, "ड्रेन तर चेंबरला आहेच की!" मेकॅनिक लोकांचा चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाशी ऑइल साठतं ती टाकी. आणि त्यांचा ड्रेन एकच - चेंबरच्या तळाचा बोल्ट, जिथून जुनं ऑइल सोडतात. मामाने बोल्ट काढून पाइप तिथे जोडला. मी मान डोलावली! पुढच्याच पानावर लिहिलेलं की पाइप चेंबरमधल्या ऑइलच्या वर उघडला पाहिजे, खाली नाही. खाली जोडला तर चेंबरचं ऑइलच वाट अडवून बसतं.

ते पान मी वाचलंच नव्हतं. फर्स्ट क्लास इंग्लिश मीडियम!

मामा एवढंच म्हणाला, "पोथी पूर्ण वाचायची असते गो."

१३ मे, मंगळवार

आज फॉर्म आणला. पॉलिटेक्निक, डिप्लोमा, ऑटोमोबाईल. पप्पांच्या पुढ्यात ठेवला.

पप्पा मालवणीत गेले की समजायचं, मामला सीरियस आहे. "ऑटोमोबाईल? आनि मगे? खयच्या गॅरेजीत बसतलंस?"

म्हटलं, मामाच्या.

"मामाची गाडी धूर सोडता. अख्ख्या दांड्याक म्हायत आसा."

सगुणामावशी! नाहीतर कोण.

पप्पा मिलमध्ये ऑइलर होते. साच्यांना, म्हणजे कापडाच्या मागांना, तेल घालायचं काम. थोडं कमी पडलं तर साचा तापतो, थोडं जास्त झालं तर कापडावर डाग. वीस वर्षांत एक डाग नाही, हे आई सांगते, ते स्वतः सांगत नाहीत. संपानंतर मिल बंद पडली ती पडलीच. आता ते सीप्झजवळ एका कंपनीच्या गेटवर बसतात. मशीनला हात लावत नाहीत. घरचा पंखा घुरघुरला तर आई मला हाक मारते.

शेवटी म्हणाले, गाडी अंधेरीला बिल्डिंगखाली आणा. पाच मिनिटं चालू ठेवा. "माझो पांढरो रुमाल मी मागे धरतलंय. डाग पडलो तर बँकेची परीक्षा. नाय पडलो तर सही."

डील!

फॉर्मवर बाकी सगळं मी भरलं. 'पालकाचा व्यवसाय' सोडून. तो रकाना चार वर्षं ते रिकामाच ठेवतात. दहावीत टीचरने विचारलेलं, मी म्हटलं, आय विल आस्क. कधी विचारलं नाही.

१५ मे, गुरुवार

दिवसभर खारदांडा. शेडसमोर गाडी नेहमीसारखी, तोंड रस्त्याकडे, पाठ समुद्राकडे, मागच्या चाकांना दगड लावून. चेंबर उतरवला. कुशीला, ऑइलच्या लेव्हलच्या वर चार बोटं, भोक पाडलं. मामा त्याच्या जुन्या लाकडी स्टुलावर बसून भोकाच्या कडेला कानस मारत होता. मारताना गाणं नाही, शिट्टी नाही, फक्त जीभ बाहेर. पाइप या वेळी अंगठ्याएवढा जाड. पोथी म्हणते, फेसाला जागा जास्त लागते.

१६ मे

ब्रेझिंग झालं - पितळ वितळवून पाइप चेंबरला जोडला. माझी भुवई थोडी जळली. आईला सांगितलं नाही, तिने विचारलं नाही, फक्त बघत राहिली.

१७ मे, शनिवार

धूर नाही!!!

पाइप टर्बोपासून मागे, इंजिन ज्यावर बसतं त्या फाउंडेशनवरून, चेंबरपर्यंत नेलाय. आधी मामाने वरून वाटीभर ऑइल ओतलं. सुळकन खाली! मग वीस मिनिटं इंजिन चालू. टर्बोची बारीक शिट्टी - ऐकून अंगावर काटा. सायलेन्सरमागे मी हात धरला. कोरडा!

सगुणामावशी येऊन उभी. "आज काय नाय? डास फार झालेत रे, जरा धूर कर ना."

उद्या अंधेरी.

१८ मे, रविवार

नापास.

एस. व्ही. रोडला पार्ल्यापर्यंत मी मागच्या काचेतून बघत होते, साफ. मग सिग्नलला थांबलो आणि मागचा रिक्षावाला ओरडला, "अरे भाई, इंजन है के चूल्हा?" मी मामाला सांगितलंच नाही. वाटलं, रिक्षाचाच असेल.

बिल्डिंगखाली सगळे जमले. मामाने डिकीतून स्वतःचं स्टूल काढलं - तेलकट पँटने आमच्या खुर्चीवर बसणार नाही म्हणे - फरशीवर ठेवलं, बसला, आणि थेट मागे आडवा! पाय वर! पोरांनी टाळ्या वाजवल्या. पप्पासुद्धा हसले. तेवढंच हसू दिवसभरात.

गाडी चालू. एक मिनिट. दोन. तिसऱ्या मिनिटाला धूर. पप्पांनी रुमाल धरला, बघितला, घडी घातली, मला दिला. मधोमध पिवळा डाग, आठ आण्याएवढा.

मी रडले नाही. जिन्यात रडले.

रात्री जेवताना आई म्हणाली, "नापास झालेली पोरं ऑक्टोबरला परत बसतात ना?"

पप्पा भात कालवत राहिले. मग म्हणाले, "बरां. ऑक्टोबर. पन एकदाच."

आई ग्रेट आहे.

१९ मे

कोणाशी बोलायचं नाही.

२१ मे, बुधवार

मामा म्हणतो टर्बोचा दोष नाही, इंजिनाचे व्हॉल्व्ह गाइड झिजलेत, तिथून ऑइल गळतंय, इंजिन उघडू. आठवडा जाईल. मी म्हटलं, एकदा फिरवून बघू. अंधेरीच्या पुलावर चढताना धूर नाही. उतरताना - ढग! मामा म्हणाला, बघ, व्हॉल्व्ह गाइडच. उतारावर गाडी अशीच धूर सोडते.

पण मग उभ्या गाडीचा धूर? खारदांड्याला उभी केली तर नाही, अंधेरीला उभी केली तर आहे. गाडीला काय अंधेरी आवडत नाही?

मामा: "मलापण नाय आवडत. स्टूल पाडतात लोक."

२२ मे, गुरुवार

सापडलं! सापडलं!! सापडलं!!!

मामाचं स्टूल त्या दिवशी आमच्याकडेच राहिलं. आईने आज गॅलरीत त्यावर लोणच्याची बरणी उन्हात ठेवली. बरणी सरकली. मी पकडली, नाहीतर कैऱ्या थेट तळमजल्यावर. आई म्हणाली, "दादाचं स्टूल असंच. दोन पाय लांब, दोन आखूड. मिस्त्री आंधळा होता वाटतं."

मोजलं. दोन बोटांचा फरक. बरोबर दोन बोटं, दोन्ही बाजूंना सारखा. आंधळा कसला! हे मुद्दाम कापलंय.

खारदांड्याची जमीन! होड्या ओढून वर घेतात ती जागा, सगळी समुद्राकडे उतरती. मामाने पंधरा वर्षांपूर्वी स्टूल जमिनीप्रमाणे कापलं आणि विसरला. त्याचं टेबलही तसंच असणार. आणि आमची गाडी तिथे नाक वर करून उभी! नाक वर म्हणजे पाइप मागे उतरता. ऑइल सुळकन. सपाट रस्त्यावर आली की पाइप आडवा. पूल उतरताना तर उलटाच!

आम्ही गाडीचा पाइप नाही बसवला. आम्ही खारदांड्याचा बसवला.

इतकी जोरात ओरडले की खालच्या नंदकुमारकाकांनी विचारलं, रिझल्ट लागला काय?

२४ मे, शनिवार

मामा आधी मानेना. "पंधरा वर्षं काम करतो इथे. उतार असता तर मला कळला नसता?"

म्हटलं, मामा, मग चाकाला दगड कशाला लावतोस?

त्याने दगडाकडे बघितलं. जमिनीकडे बघितलं. मग समुद्राकडे, जसा काय समुद्रानेच फसवलं. "आयला," म्हणाला. आणि असा हसायला लागला की सगुणामावशी बोंबील सोडून आली.

गवंड्याची पाणी भरलेली नळी आणली, गाडीची मागची बाजू जॅकने उचलून लेव्हल केली. एक वीत आणि वर चार बोटं! मग वाटीभर ऑइल ओतलं. गेलं नाही. पाइप फाउंडेशनवरून जातो तिथे पोटात धरून बसलं.

"होडीत इंजिन तिरपंच बसतं गो," मामा म्हणाला. "मला सपाट कधी बघायला मिळालंच नाय."

२६ मे, सोमवार

आता फाउंडेशनच्या पुढून न्यायचा की मागून? जेवताना पाठकोऱ्या कागदावर काढत होते. पप्पा ताटावरून म्हणाले, "ह्या पाइपाक चलवतंस कित्याक?"

म्हणजे?

"तेल चलना नाय. तेल पडता." आणि बोट वरून खाली नेलं. सरळ. मग आमटी मागितली.

चार वर्षांत मशीनबद्दल पहिलं वाक्य.

कागद बघितला. मागे न्यायचाच कशाला? टर्बोच्या बरोबर खाली चेंबरची पुढची बाजू आहे. टर्बो दोन इंच वर उचलला तर पाइप सरळ पडतो. वळणच नाही!

मामाला सांगितलं तर त्याने हातातला पाना खाली ठेवला. पप्पांना तो नावानेच हाक मारतो. "लवू बोलला हे? स्वतःहून?"

हो.

"परत सांग. जसंच्या तसं."

३० मे, शुक्रवार

टर्बोखाली जाड प्लेट टाकून उचलला. चेंबरला पुढे नवीन भोक, जुनं बंद केलं. पाइप एवढासाच झाला - वीतभर, उभा, बापुड्यासारखा. यासाठी महिना! गाडी नाक वर करून, नाक खाली करून, दोन्ही वेळा ऑइल ओतून बघितलं. पडतं. मामा आता डबड्यावर बसतो आणि स्टुलाची आठवण काढतो.

१ जून, रविवार

ऑक्टोबर!

बिल्डिंगखाली परत तीच पोरं, मामा पडेल म्हणून. मामा उभाच राहिला. पाच मिनिटं. पप्पांनी घड्याळ बघितलं आणि थांबले नाहीत. दहा. पंधरा. मग स्वतः खाली वाकले, बॉनेटखाली हात घातला, त्या उभ्या पाइपाला दोन बोटं लावली आणि तशीच ठेवली. आतून पडणारं तेल हाताला कळतं काय? कळत असेल. डोळे मिटलेले.

रुमाल पांढरा. कोरा!

मी नाचणार तेवढ्यात ते रुमाल खिशात घालून वर निघून गेले. मामाही मागोमाग गेला आणि दार लोटून घेतलं.

५ जून

सहीचं नाव नाही. फॉर्मची शेवटची तारीख नऊ. पप्पा रोज उशिरा येतात, मामाबरोबर असतात म्हणे. विचारलं तर, "बघूया."

बघूया म्हणजे बँक.

८ जून, रविवार

करवतीच्या आवाजाने उठले. गॅलरीत पप्पा, मामाचं स्टूल उलटं पाडून त्याचे लांब पाय कापत होते. म्हटलं, पप्पा! मामा आता खारदांड्याला बसणार कसा?

"खारदांड्याक कोन बसता?" वर न बघता म्हणाले. "आमच्या मरोळच्या नव्या गॅरेजीची फरशी सपाट आसा."

फॉर्म टेबलावर होता. खाली सही. आणि वर, त्या रकान्यात, त्यांच्या अक्षरात - ऑइलर.