जांभळ्या कार्डाचा सल्ला

॥ श्री ॥

सातारा,
१४ जानेवारी २०२४

ती. अर्जुनामामा यांस,
उत्कर्षाचा शि. सा. न. वि. वि.

उद्या संक्रांत. सोबत तिळगुळाची पुडी आहे, ती आधी मामीच्या हातात द्या, नाहीतर तुमच्या खिशातच संपेल. मी फोन करते पण पत्र लिहीत नाही अशी तुमची तक्रार असते, म्हणून हा कागद. तुमचं म्हणणं बरोबरच आहे. तुमच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे मला काय झालंय ते अर्ध्या लेंगरे गावाला कळतं.

बातमी अशी की आमच्या पंपांच्या कंपनीनं मला टेबलावरून उठवून विक्रीच्या कामाला लावलंय. पुढच्या महिन्यापासून महिन्यात तीन वेळा चेन्नई, हैदराबाद नाहीतर अहमदाबाद, तेही विमानानं. आजवर मी दोनदा विमानात बसले, दोन्ही वेळा डोळे मिटून. तिकिटं ऑफिस काढणार, पण प्रत्येक प्रवासाचे गुण मात्र प्रवाशाच्या नावावर जमतात आणि पुढं त्यावर फुकट तिकीट मिळतं. शेजारच्या टेबलावरचा निमिष सहा वर्षं उडतोय. तो म्हणतो की सुरुवातीलाच एका विमान कंपनीचं कार्ड घ्यायचं आणि तिलाच धरून राहायचं. थोडं इथं, थोडं तिथं केलं की कुठंच काही जमत नाही.

माझ्यापुढं दोन कार्डं आहेत, एक हिरवं आणि एक जांभळं. निमिष हिरवं घे म्हणतो. पण चष्म्याची ही फ्रेम मला शोभते असंही तोच म्हणाला होता. आई म्हणते, माझ्या दादाला विचार. तीस वर्षं मिरज ते गुवाहाटी रेल्वेनं गेला-आला, तिथं सोनं-चांदी गाळायची भट्टी चालवली, रेल्वेच्या वेळापत्रकावरून इंग्रजी वाचायला शिकला, प्रवासातलं त्याच्याइतकं आपल्यात कुणाला कळतं? तेव्हा सांगा.

गुवाहाटीहून जयराजदादाचा परवा आईला फोन होता. त्याची संयोगिता तीन वर्षांची झाली. आपल्या आईशी मराठी बोलते आणि कावळ्याशी असमिया. तुम्हाला हा विषय आवडत नाही, पण पत्र मामीही वाचेल, म्हणून लिहिलं.

आहे ती माया आटू देऊ नये, ही विनंती.

आपली भाची,
उत्कर्षा

॥ श्री ॥

लेंगरे, जि. सांगली,
२६ जानेवारी २०२४

चि. उत्कर्षा हिस अनेक आशीर्वाद.

तिळगूळ पोचला. मामीने मोजून चार वड्या माझ्या हातावर ठेवल्या आणि डबा वर ठेवून दिला. तुझ्या पत्राचा परिणाम, दुसरे काय.

तुझ्या कामासाठी दोनदा विट्याला गेलो. दोन्ही कार्डांचे नियम छापून आणले. एकाची चौतीस पाने, दुसऱ्याची एक्केचाळीस. शब्दकोश मांडीवर घेऊन आठ दिवस वाचत होतो. मामी म्हणाली की एवढा अभ्यास शाळेत केला असता तर मामलेदार झाला असता. मी म्हणालो की मामलेदाराला तू कुठे मिळाली असतीस? त्यावर तिने दोन तास बोलणे टाकले.

आता सांगतो. एकालाच धरून राहायचे हे निमिषचे म्हणणे खरे. कटिहार स्टेशनवर मी बावीस वर्षे एकाच टपरीवर पुरी-भाजी खाल्ली. शेजारची टपरी चांगली असेलही. पण एका हिवाळ्यात धुक्याने गाडी नऊ तास अडकली, तेव्हा त्या टपरीवाल्याने मला स्वतःची बाज आणि घोंगडी दिली. कार्ड म्हणजे तेच, फक्त छापील.

माझ्या मते तू जांभळे घे. हिरव्याचे गुण वर्षात बाद होतात, जांभळ्याचे तीन वर्षे टिकतात. नव्या माणसाच्या फेऱ्या आज असतात, उद्या बंद होतात, त्यामुळे टिकाऊ ते बरे. जांभळ्याच्या गाड्या कमी आहेत, मधे उतरून बदलावे लागेल. पण तू तरुण आहेस आणि बदली गाडीत जग दिसते. आणि एक बारीकशी गोष्ट, सहज नजरेला पडली म्हणून लिहितो: जांभळ्याचे गुण कुणाच्याही नावाच्या तिकिटाला चालतात. ते काही महत्त्वाचे नाही.

दुसऱ्या बातमीची ओळ मी वगळून वाचली. ज्याने बापाची पेटती भट्टी विझवून तिथे चहापत्तीचे दुकान थाटले, त्याच्या बातम्या त्याच्या आईसाठी. तो दर सहा महिन्यांनी चहाचे खोके पाठवतो, त्याला मी हात लावत नाही. आमच्या विट्याच्या वाण्याची पत्ती काय वाईट आहे? लय झकास चहा होतो. पुढच्या खेपेला येशील तेव्हा पिऊन बघ.

तब्येत जपावी, आणि म्हाताऱ्यावर जीव ठेवावा.

तुझा मामा,
अर्जुना

॥ श्री ॥

सातारा,
१८ ऑगस्ट २०२४

ती. अर्जुनामामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मामीला दाखवू नका. का, ते खाली कळेल.

गेल्या मंगळवारी निमिष आणि मी चेन्नईतलं एकच काम एकाच वेळी संपवलं. तो हिरव्या कंपनीच्या सरळ विमानानं पुण्याला आला आणि साताऱ्यात घरी जेवायला होता. मी जांभळ्यानं भलत्याच गावी उतरले, साडेचार तास खुर्चीवर बसले, त्या दिवसातला तिसरा डोसा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घरी पोचले. निमिषनं सकाळी विचारलं की चालत आलीस काय.

त्या साडेचार तासांत मी दोन्ही नियमावल्या स्वतः वाचल्या. मामा, पुण्याहून माझ्या तिन्ही गावांना हिरव्याची विमानं रोज आहेत. गुण वर्षात बाद होतात हे खरं, पण महिन्याला तीन फेऱ्या करणाऱ्याचे गुण बाद व्हायला वेळ कुठंय? माझ्यासारखीला प्रत्येक पानावर हिरवंच बरं. जांभळ्यात जास्तीची अशी एकच गोष्ट सापडली. हिरव्याचे गुण स्वतःला, आईवडिलांना, नवऱ्याला नाहीतर मुलांनाच चालतात, जांभळ्याचे कुणालाही. तुम्ही ती शेवटी घातली होती, आणि पुढं लिहिलं होतं की महत्त्वाची नाही.

तुम्ही बादली घेतानाही पाणी भरून बूड गळतंय का बघता. चौतीस पानं वाचताना तुमची चूक होणार नाही. मग ‘कुणालाही’मधला हा माणूस कोण? मी रागावले नाही. थोडी रागावलेय. सरळ लिहा, फोनवर नको.

उत्तराची वाट बघतेय, माया तशीच ठेवावी.

उत्कर्षा

॥ श्री ॥

लेंगरे,
२५ ऑगस्ट २०२४

चि. उत्कर्षा हिस अनेक आशीर्वाद.

पकडलेस. पत्र तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा कान गरम झाले.

तो माणूस म्हणजे तुझी मामी. तिने नात अजून फोनच्या काचेतच पाहिली आहे. पोरगी काचेवर ओठ टेकवते आणि ही इकडे पदराने काच पुसते. तिचे गुडघे तीन दिवसांच्या रेल्वेला तयार नाहीत. तू म्हणशील, मग विमानाचे तिकीट विकत काढा. तेवढी ऐपत आहे. पण काढणार कोण? मी. आणि मी काढले म्हणजे मी नमलो. पाच वर्षांपूर्वी याच उंबऱ्यावर मी जयराजला बोललो की भट्टी पुन्हा पेटेल तेव्हाच इथे पाय ठेव. तो गेला. फोनवर आईशी बोलतो, तेव्हा मी घरात असलो की परसात जातो.

विट्याला छापखान्यात ती पाने निघत होती, तेव्हा मनात आले. भाचीचे फुकटचे तिकीट वाया चालले आहे, ती गळ घालते आहे, असे झाले तर तुझी मामी रंगू जाईल. मी इथे बसून कुरकुर करीन, आणि कुणालाही नमावे लागणार नाही.

भट्टी त्याने का विझवली ते मला कळत नाही असे समजू नकोस. सोने गाळताना तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, धुराने माझी छाती गेली आणि डॉक्टरांनी मला तिथून हलवले. तोच धूर तो रोज घेत होता. कळते सगळे. पण ती भट्टी मी एकोणीस वर्षांचा असताना पेटवली होती, पोरी.

माझ्या हट्टापायी तू खुर्च्यांवर बसून राहिलीस, हे वाईट झाले. सल्ला मागायला आलेल्याला स्वतःच्या सोयीचा सल्ला दिला. असे मी धंद्यात कुणा गिऱ्हाइकाशी केले नाही, ते तुझ्याशी केले. उद्याच्या उद्या कार्ड बदल. मामीला कळू देऊ नकोस.

रागाचे दोन शब्द लिहिलेस तरी चालेल, पत्र मात्र थांबवू नये.

मामा

॥ श्री ॥

सातारा,
१० नोव्हेंबर २०२४

ती. मामा व ती. सौ. मामी यांस,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीचा फराळ पोचला, चकल्या ऑफिसात नेल्या तर निमिष आता मामीचा पत्ता मागतोय.

मामी, तुमच्याकडं एक काम आहे. माझ्या जांभळ्या कार्डावर पुणे ते गुवाहाटी एका माणसाला जाऊन-येऊन पुरतील एवढे गुण साठलेत. मी ते कार्ड आता बंद करणार, म्हणजे गुण वाया जाणार. आईला विमानाची भीती वाटते, मला रजा नाही. तुम्ही गेलात तर माझ्यावर उपकार होतील. तुमच्या आधार कार्डाची झेरॉक्स तेवढी पाठवा, तिकीट मी काढते. गुडघ्यांसाठी विमानतळावर चाकाची खुर्ची मिळते, तीही सांगून ठेवते.

मामा, तुम्ही कुरकुर करणार हे मला माहीत आहे. करा.

(ही वेगळी चिठ्ठी फक्त मामांसाठी: कार्ड ऑगस्टमध्येच बदल असं तुम्ही सांगितलं होतं. थोडे गुण कमी पडत होते, म्हणून आणखी काही डोसे खाल्ले.)

दोघांचा हात डोक्यावर असू द्यावा.

उत्कर्षा

लेंगरे,
२० नोव्हेंबर २०२४

चि. उत्कर्षाला मामीचं लय लय आशीर्वाद.

मला लिवायचा सराव न्हाई, तवा हसू नगंस. फोनवर सांगावं तर हे शेजारी बसून कान लावत्यात.

मला समदं ठावं हाय. तुझी पत्रं ह्यांच्या गादीखाली असत्यात. गादी झाडतंय कोण? ऑगस्टातलं वाचलं तवा हसू बी आलं आन रडू बी. चौतीस पानं वाचली बाबानं, पण पोराला एक फोन लावायचं जमंना.

आनी तुला एक गंमत सांगते. विट्याच्या वाण्याची पत्ती ह्या घरात चार वर्सं झाली आली न्हाई. जयराजचं खोकं आलं की मी त्या डब्यात वतते. हे सकाळी घोट घेत्यात आन म्हणत्यात, वाणी लय इमानदार हाय बघ. मी व्हय म्हणते.

बाळे, नातीला मांडीवर घ्यायला माझा जीव तुटतोय, ते खोटं न्हाई. पण मी एकली गेले तर काय हुईल? आठ दिस ऱ्हाईन, लाडू करून घालीन, माघारी यीन. घर तसंच दोन जागी ऱ्हाईल. माझं आन पोराचं भांडान न्हाईच, मग मी जाऊन काय मिटवू? ज्यांचं हाय त्यांनी जावं. मी माझ्या अंगणात वाट बघीन.

एकच तिकीट हाय न्हवं? मग झेरॉक्स पाठवलीया ती नीट बघ. माझी न्हाई, ह्यांची हाय. तिकीट निघालं की फोन कर, स्पीकरवर. शेजारीपाजारी ऐकू देत, म्हंजे ह्यांना न्हाई म्हणता यायचं न्हाई. आन चाकाची खुर्ची नगं. चालू द्यात जरा.

तुझ्या आईला इचारलंय म्हणून सांग, आन माझी आठवण ठेव.

तुझी मामी,
रंगुबाई

॥ श्री ॥

गुवाहाटी,
१२ जानेवारी २०२५

चि. उत्कर्षा हिस अनेक आशीर्वाद.

तू स्पीकरवर बोललीस तेव्हा अंगणात सात माणसे होती. निघताना गावातून मला चार जणांनी नारळ दिले. तुम्ही दोघींनी मिळून केले ते बरोबर नाही, एवढेच लिहून पुढे जातो.

खिडकीची जागा दिलीस. खाली कटिहार कुठे दिसते का ते बघत होतो, ढगच होते. तीन दिवसांची वाट जेवणाच्या दोन वेळांमध्ये संपली. जयराज विमानतळावर उभा होता. केस पुढून पांढरे झालेत. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि मी दिली.

दुकानात भट्टीच्या जागी आता चहाचा काटा आहे. सगळीकडे रंग दिला आहे, फक्त त्या कोपऱ्यातली भिंत खांद्याएवढ्या उंचीपर्यंत काळी आहे, तशीच ठेवली आहे. गिऱ्हाईक विचारते तेव्हा तो सांगतो की इथे आमच्या वडिलांची भट्टी होती. हे मी आतल्या खोलीतून ऐकले. त्याची छाती स्वच्छ आहे, जिना धावत चढतो.

पहिल्या संध्याकाळी त्याने चहा पुढे ठेवला. पहिल्या घोटालाच थांबलो. चार वर्षे रोज सकाळी हाच पितो आहे. कसा आहे म्हणून त्याने विचारले. मी म्हणालो की अगदी आमच्या विट्याच्या वाण्यासारखा आहे. तो मान खाली घालून काट्याची वजने नीट लावत बसला, ती आधीच नीट होती.

संयोगिता मला असमिया शिकवते. कावळ्याला काउरी म्हणायचे. तीस वर्षे इथे काढली हे तिला सांगितले नाही. चुकीचे म्हणून दाखवले की ती कपाळावर हात मारते, त्यासाठी रोज चुकतो.

परतीला मी एकटा नाही. जयराजने स्वतःची, सुनेची आणि संयोगिताची, अशी तिघांची तिकिटे माझ्याच विमानात काढली आहेत, रोख देऊन. उंबऱ्यावरच्या शब्दाचे काय, असे त्याने विचारले. मी म्हणालो की उंबरा मामीने तेव्हाच धुऊन टाकला. तिला अजून कळवलेले नाही. तू कळवू नकोस.

आता खरा सल्ला, मागच्या वेळी दिला नाही तो. हिरवे कार्ड घे. गुण किती ते नंतर बघावे. आपल्या दारापासून जे रोज सुटते आणि रात्रीच्या जेवणाला घरी पोचवते ते आपले.

आणि चहाचे मला कळले हे मामीला सांगू नकोस. तिला डबा तसाच भरत राहू दे.

लोभ आहेच, तो असाच उकळता ठेवावा.

तुझा मामा,
अर्जुना