आमचंच घर आम्हाला विकायला काढलं

मंगळवार, ३ मार्च

घरमालक घर विकतोय. फोन आला तेव्हा मी एक्स-रेच्या खोलीत, समोर पेशंट श्वास रोखून उभा. "इतकी वर्षं राहिलात, तेव्हा पहिला हक्क तुमचा," म्हणाला. मग आकडा सांगितला. तो इथे लिहीत नाही, वहीला घेरी येईल. पेशंटला 'सोडा श्वास' म्हणायचं राहूनच गेलं. लालबुंद झाला बिचारा.

बुधवार, ४ मार्च

मालकाने जाहिरातही टाकली आहे. 'अद्ययावत स्वयंपाकघर, भरपूर कपाटं.' ती कपाटं नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी घाम गाळून केली आहेत. न्हाणीघराच्या फरश्या आमच्या. खिडकीची जाळी आमची. मालकाने आजवर एक नळ बदलला, तोही तीनदा आठवण केल्यावर. आणि आता आमचीच कपाटं आम्हाला विकतोय, वर उपकार केल्यासारखा!

नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने कपाटाचं दार उघडलं, मिटलं. "अजून करकरत नाही," म्हणाला. एवढंच. त्याचा हा शांतपणा कधीकधी डोक्यात जातो.

रविवार, ८ मार्च

दादाला फोन. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. दादानेच शिकवलं, लग्न लावून दिलं. त्याला विचारल्याशिवाय मी साधा फ्रीज घेतलेला नाही.

"वेडी आहेस का? या भावात घर घ्यायचं म्हणजे जन्मभर बँकेची चाकरी. भाड्याने राहा, निवांत."

निवांत म्हणे. स्वतःची तीन घरं, त्यातली दोन कुलूपबंद. पण फोन ठेवल्यावर वाटलं, बरोबर असेल तो. नेहमी असतो.

शनिवार, १४ मार्च

एजंटबरोबर भाड्याची घरं पाहिली. पहिल्यात पलंग ठेवला तर दार लागत नाही. "आटोपशीर आहे," एजंट म्हणाला. दुसऱ्याची खिडकी उघडली तर हातभरावर शेजारची भिंत. "शांतता बघा किती."

तिसरं बरं होतं. उजेड होता. तेवढ्यात त्याचं लक्ष लेकीकडे गेलं. "लहान मूल मालकांना चालत नाही, ताई. भिंती खराब होतात."

जिन्यात चिमणीने विचारलं, "आई, मी त्यांना का चालत नाही?"

तिला पायरीवर बसवलं, परत वर गेले आणि एजंटला जे बोलले ते लिहीत नाही. जरा जास्तच बोलले. पस्तावा मात्र नाही.

रविवार, १५ मार्च

नवरा लिफ्टची देखभाल करतो. नदीपलीकडचे नवे टॉवर त्याच्याकडे आले आहेत. जेवताना सांगत होता — सगळे फ्लॅट विकले गेलेत, पण राहायला जवळजवळ कुणीच नाही. लिफ्ट अडकून बसू नये म्हणून हाच रिकामी वर नेतो, खाली आणतो.

"म्हणजे घरं कमी नाहीतच?"

"घरं आहेत. माणसं बाहेर आहेत."



रविवार, २२ मार्च

ठरलं. घ्यायचं. माझं सोनं, त्याची साठवण, बाकी कर्ज.

"रागाने घेतोय की विचार करून?" नवरा.

"दोन्ही."

हसला. बऱ्याच दिवसांनी.

दादाला कळवलं. "पक्कं ठरलं?" पक्कं. "मालक किती म्हणतोय?" सांगितलं. "बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. त्याचा सल्ला मोडण्याची ही माझी पहिलीच वेळ. आतून गार वाटलं.

मंगळवार, २४ मार्च

बँक. साहेबांनी माझं वय दोनदा विचारलं. एक्स-रे काढून दाखवू का, असं ओठांवर आलं होतं.

गुरुवार, २ एप्रिल

बँकेचा होकार! जिन्यातूनच मालकाला फोन लावला.

"अहो, ते परवाच गेलं. रोख देणारा भेटला, तुमच्यापेक्षा जास्त."

आणि पहिला हक्क?

"हक्क होता की. पण तुम्ही वेळ लावलात." मग समजूत घातल्यासारखं, "काळजी करू नका, नवे मालक म्हणाले भाडेकरू राहू देत."

राहू देत! सिंक, पंखे, भाडेकरू — सगळं एकगठ्ठा विकलं त्याने. नवऱ्याला सांगताना रडले. तोही या वेळी शांत नव्हता. चप्पल न घालताच खाली निघून गेला.

शनिवार, ११ एप्रिल

नवे मालक आज येणार, असं जुन्या मालकाने कळवलं होतं. काय काय सुनवायचं ते मनाशी घोकून ठेवलं होतं. बेल वाजली. दारात दादा.

"बरं झालं आलास," मी म्हटलं. "मालक येतोय, तू बस माझ्या बाजूला."

तो चपला काढत म्हणाला, "अगं, मीच."

मग खुर्चीत बसून सगळं सांगितलं. एवढं कर्ज तुझ्या डोक्यावर नको, म्हणून घेतलं. "भाडं कसलं? बहिणीकडून भाडं घेणार आहे का मी? राहा जन्मभर." चिमणी त्याच्या मांडीवर चढली. नवरा जमिनीकडे बघत होता.

परक्यासाठी साठवलेला सगळा राग माझ्या तोंडात तसाच राहिला. एवढंच विचारलं, "मला विचारलंस का, दादा?"

"तुला काय विचारायचं त्यात?" त्याला खरंच कळलं नाही. चहा पिऊन, चिमणीचा पापा घेऊन गेला. जाताना कपाटांवरून हात फिरवला. "मालकाने काम चांगलं करून घेतलंय," म्हणाला.

सोमवार, १३ एप्रिल

त्याच एजंटला फोन केला. आधी माफी मागितली. भाड्याचं घर हवंय म्हटलं. आटोपशीर चालेल, भिंतीसमोरची खिडकीही चालेल. मूल चालवून घेणारा हवा. आणि मालक अनोळखी हवा.