टिल्लूचा पिंजरा

कुरवंडे,
शनिवार, ३० नोव्हेंबर २०२४

सौ. संगीता हिस,

उमेशचा नमस्कार. नवऱ्यानं बायकोला नमस्कार लिहायचा की आशीर्वाद, असं आईला विचारलं, तर ती म्हणाली, "लिव्ह काय बी, पर खरं लिव्ह." इकडं आम्ही दोघं बरे आहोत. भात झोडून झालं, पेंढा रचला. थंडीनं आईचा गुडघा धरलाय. तुझ्या आईचा खोकला कसा आहे? कोमल तिकडच्या शाळेत जाऊन बसते, असं तुझ्या भावानं, माऊलीनं सांगितलं. बरं केलंस, अभ्यास बुडायला नको.

मी काही पत्र लिहिणारा माणूस नाही, तुला माहीत आहे. कामावरच्या व्हिलातला गॅस संपला हे मालकांना कळवायचं तरी मी आवाज रेकॉर्ड करून पाठवतो. पण तुमच्या आंदर मावळात रेंज नाही, आणि असली तरी फोनवर माझा आवाज कधी चढतो ते मलाच कळत नाही. कागदावर आवाज चढवता येत नाही. म्हणून हे लिहून उद्या माऊलीच्या हातात देणार आहे.

तू भाऊबीजेला गेलीस ती आलीच नाहीस. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पाडव्याला जे झालं ते झालं. आधी टिल्लूचं सांगतो.

पंधरा दिवसांपूर्वी माऊली आला होता, तेव्हा त्यानं कोमलचा निरोप दिला. "पप्पांना सांग, टिल्लूला पिंजऱ्यात घाण न करायला शिकवा. मंग आमी येतो." तुझा भाऊ हे सांगताना हसला, मीही हसलो. सात वर्षांच्या पोरीला वाटतं की आपल्या घरातली सगळी भांडणं कुत्र्याच्या मुतावरून होतात. खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं. म्हटलं, एवढंच ना? आठ दिवस पिंजरा कोरडा राहू दे, मी स्वतः न्यायला येतो.

पिंजऱ्याशिवाय इलाज नाही. भिमाजी आबांची दोन कुत्री बिबट्यानं अंगणातून उचलली, हे तुझ्या डोळ्यांदेखतचं. म्हणून टिल्लूला मोटारसायकलवर पुढं बसवून लोणावळ्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. मी म्हणालो, "मॅडम, ह्याला अक्कलच नाही. जिथं झोपतं तिथंच घाण करतं." त्या म्हणाल्या, "कुत्रं आपल्या झोपायच्या जागेवर सहसा घाण करत नाही. हे करतंय, म्हणजे काहीतरी कारण असणार. घरात काय काय करता ते सांगा."

मग आपली एकेक हुशारी बाहेर आली. पिंजरा मोठा, म्हणून ते एका कोपऱ्यात झोपायचं आणि दुसऱ्या कोपऱ्यात उरकायचं. खाली आपण गोणपाट घातलेलं, ते सगळं शोषून घ्यायचं. आणि तिसरं ऐकून तर बाईंनी कपाळाला हात लावला. कुत्रं माजघरात, शेजारी देवघर, म्हणून आई रोज सकाळी पिंजऱ्यावर गोमूत्र शिंपडते. बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही रोज त्याला मुताचा वास देता आणि इथं मुतू नको म्हणता!"

घरी येऊन आईला सांगितलं तर ती उखडली. "मंग देवाच्या शेजारी इटाळ चालतोय व्हय रं?" शेवटी तह झाला. गोमूत्र देवघराच्या उंबऱ्यापुरतं, पिंजऱ्यावर नाही. मी मधे फळी ठोकून पिंजरा निम्मा केला, गोणपाट जाळलं. झोपून उठलं की बाहेर, खाल्लं की बाहेर. मी कामावर गेलो की आई गुडघा धरून त्याला परसात नेते आणि त्याचं होईपर्यंत "कर की रं भाड्या" म्हणत उभी राहते. कॅलेंडरवर वेळा लिहायला बाईंनी सांगितल्या होत्या. पिंजऱ्यात घाण झाली की फुली. आईला लिहिता येत नाही, पण फुली येते.

चौथ्या दिवसापासून सकाळ कोरडी, दुपार कोरडी. मी खूश. फक्त संध्याकाळची फुली काही जाईना. रोज सातच्या सुमारास. परसातून आणून पाच मिनिटं झाली असली तरी फुली.

मला वाटलं, आईच वेळेवर नेत नसेल. तिच्यावर खेकसलो. मग मुंबईचा मोठा ग्रुप आला आणि मला दोन दिवस व्हिलावरच राहावं लागलं. परत येऊन पाहतो तर दोन्ही संध्याकाळी फुली नाही. मी म्हणालो, आई विसरली. रविवारी काम नव्हतं, चारलाच घरी आलो, तर फुली चारला.

संगीता, तेव्हा मी कॅलेंडरवरच्या सगळ्या फुल्या पुन्हा पाहिल्या. तरी मी मानेना. सोमवारी मोटारसायकल शाळेपाशी लावली आणि चालत आलो. दारातून पाहिलं. टिल्लू पाय पसरून झोपला होता. सात वाजले, सव्वासात झाले. पिंजरा कोरडा.

आई चुलीपाशी बसली होती. वर न बघता म्हणाली, "वळणावर तुजी गाडी वाजली की ते उठतंय, कोपऱ्यात जाऊन थरथरतंय, आन् तितंच मुततंय. रोजचं हाय."

मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "कुणाला सांगू? गाडी वाजली की संगीता गॅस बारीक करायची आन् पोरीची वह्या-पुस्तकं उचलायची. म्या माळ घेऊन बसते. जप न्हाई करत रं. नुस्ती माळ धरते, म्हंजी तुज्याकडं बघाया नको."

स्वतःच्या आईच्या तोंडून हे ऐकलं. मी दिवसभर पावण्यांना "येस सर" म्हणतो, त्यांनी तलावात फेकलेल्या बाटल्या हसत हसत काढतो. लोणावळ्यात माझ्याइतका गोड माणूस नाही, असं मालक सांगतात. तो गोड माणूस घराच्या वळणावर कुठं जातो, ते मला माहीत नाही. मला स्वतःची भीती वाटते. हे मी कुणाला बोललेलो नाही.

आता पाडव्याचं. तू ओवाळलंस, आणि तासाभरानं पिंजरा घाण दिसला म्हणून मी त्याला लाथ मारली, आत टिल्लू असताना. तू मधे आलीस, तर तुला मारलं. एकदा नाही, तीनदा. तू लोकांना कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलंस. मीही तेच सांगत राहिलो. कोमल भिंतीला चिकटून उभी होती आणि तिच्या नव्या फ्रॉकखालून फरशीवर ओघळ आला होता. मी तो पाहिला होता. पाहून मीच म्हणालो, "पाणी कुणी सांडलं?" आणि तुझी पोर म्हणाली, "मी सांडलं, पप्पा."

उद्या माऊली पिंजरा बघायला येतोय. पिंजरा पाच दिवस कोरडा आहे, कारण पाच दिवस मी चालत येतोय. ते दाखवून तुम्हाला घेऊन यायला सांगता आलं असतं. तसं पत्र लिहिलंही होतं, ते फाडलं. कारण परवा टिल्लूनं माझी चप्पल कुरतडली आणि माझा हात वर गेला. आईनं माळ घेतली. हात खाली आला, पण आपणहून आला की माळ बघून, हे मला सांगता येत नाही.

म्हणून टिल्लूला पिंजऱ्यासकट माऊलीबरोबर पाठवतोय. तिकडंही बिबट्या आहे, अंधार पडायच्या आत त्याला आत घेत जा. गोणपाट घालू नका. कोमलला सांग, टिल्लूचं काही चुकत नव्हतं. तिचंही काही चुकलं नव्हतं. हे मी सांगितलंय म्हणून सांग.

तुम्ही आत्ता येऊ नका. डॉक्टरीणबाईंनी माणसांच्या एका डॉक्टरांचा पत्ता दिलाय, बुधवारी जाणार आहे. जाईन की नाही याची खात्री मी देत नाही, खात्र्या मी पुष्कळ दिल्यात.

पुढं कधी मी बरा झालो म्हणून बोलावलं, तर माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. आधी आईला विचार.

उमेश