अपूर्ण चाचणीचे गुण

सर, काल तुमच्या नियमाने लागलेल्या निकालावर सही करायला मी नकार दिला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आपल्या पदव्युत्तर फिजिओथेरपीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तो नियम जसाच्या तसा आहे: चाचणी अपूर्ण राहिली तर त्या भागाला शून्य. त्या शून्यामुळे माझी एक विद्यार्थिनी नापास होते आहे, आणि मी ते होऊ देणार नाही.

तिची रुग्ण मेडशीची एक आजी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ही मुलगीच तिच्याकडून व्यायाम करून घेत होती. आजीला एवढंच हवं होतं, की शेतात निंदायला उकिडवं बसता यावं. परीक्षेच्या दिवशी ती सकाळच्या एसटीने आली, बाहेरगावच्या परीक्षकांसाठी उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेऊन. बाहेर बाकावर बसल्या बसल्या तिने ठरवून टाकलं की आपला गुडघा जितका वाकेल तितके पोरीला मार्क मिळतील. आत मुलगी गुडघा वाकवते आहे, दुखतं का विचारते आहे, आणि आजी हसून म्हणते आहे, "मले काई दुखत नाई. वाकव तू." आम्ही परीक्षक गुडघ्याचा कोन बघून माना डोलावतो आहोत. पण मुलीचा तळहात आजीच्या मांडीवर आहे, आणि त्या हाताखाली स्नायू दगडासारखा झाला आहे. तिने पाय हळूच खाली ठेवला आणि बाहेरगावच्या परीक्षकांना म्हणाली, "सर, आजी माह्या मार्कासाठी सहन करून राह्यली. मी आता वाकवत नाई." त्यांनी पुन्हा वाकवायला सांगितलं, ती जागची हलली नाही. शून्य. बाहेर आल्यावर आजीच तिच्यावर उखडली, "तुले कोनं सांगतलं थांबाले? गुडघा माहा हाय ना?"

मला माझी परीक्षा आठवली. शेलूबाजारचा एक जीपवाला, आखडलेला खांदा. तो कण्हला आणि मी थांबले. सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "दया करायला त्याच्या घरचे आहेत. तू मोजायला आली आहेस." त्याच संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात, पाटावर बसवून, भाकरी मोडता मोडता तुम्ही मला कारण सांगितलंत. मोठ्या घरची पोरं अभ्यास न करता येतात आणि रुग्णाला दुखतं म्हणून अर्ध्यातून सुटतात, ती वाट तुम्हाला बंद करायची होती. मला ते पटलं होतं. आजही पटतं. पण कामचुकारासाठी घातलेलं काटेरी कुंपण ज्याला काम येतं त्याच्याच पायात घुसत असेल, तर ते उपटलं पाहिजे. आपण ही परीक्षा घेतो कशासाठी? रुग्णाचं तोंड एक सांगत असताना त्याचं शरीर दुसरं सांगतं, ते या मुलांच्या हाताला कळावं म्हणूनच ना? ते तिला कळलं. त्या खोलीत फक्त तिलाच कळलं. पदवी घेऊन बसलेले आम्ही सगळे कोन बघत होतो.

विभागप्रमुख शांतपणे म्हणाले, सही करा, सहा महिन्यांनी फेरपरीक्षा देईल ती, एका मुलीसाठी सगळ्या वर्गाचा निकाल अडवू नका. एकाने हसत सांगितलं की रुग्णांच्या हक्कांची भाषणं सभेत ठोकावीत, इथे नाही. मी म्हटलं, जे सभेत बोलते ते इथे करता येत नसेल तर मी सभेत तरी कशाला उभी राहू? वर्गातली मुलं माझ्यावर रागावली आहेत. पुढच्या वर्षी मला परीक्षक नेमणार नाहीत, हेही कानावर आलं आहे. न नेमोत.

सोमवारी समितीपुढे मी सांगणार आहे की या मुलीला पूर्ण गुण द्या आणि हा नियम बदला. तुमचा उल्लेख टाळावा, असं मला सुचवण्यात आलं आहे, तुमच्या मानासाठी. मी टाळणार नाही. ज्या माणसाकडून मी मोजायला शिकले तो इथे चुकला, असंच म्हणणार आहे, मोठ्याने.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. असता तरी मी ते टाकलं नसतं, कारण एवढं सगळं लिहून झाल्यावर एक गोष्ट उरते, आणि ती तुम्हाला कळू नये असं वाटतं. काल तुम्ही त्या खोलीत बसलेले असता, तर मी सही केली असती.