ढिगाखालचा चेंडू

मी, एमिल जोसेफ वोंद्रा, वय चौऱ्याहत्तर, धंदा सुतारकाम, राहणार हार्लन क्रीक, आयोवा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असे कोणी म्हटल्यास ते खोटे समजावे.

१. राहते घर, मागची शेड आणि अंगणातले अक्रोडाचे झाड माझी मुलगी नॅडीन हिला. झाड तोडू नये. ते तिच्या आईने लावले आहे.

२. रंधे, पटाश्या आणि करवती गावच्या शाळेला. मोठ्या रंध्याला वर्षातून दोनदा तेल लागते, ते द्यावे.

३. बर्फ उपसायचे फावडे माझा मेहुणा वेंडेल यास. तो विंटन कॉलेजचा. फावडे त्याने १९५३ साली नेले ते परत केलेले नाही, त्यामुळे घ्यायला येण्याचा त्रास त्याला पडणार नाही.

४. बैठकीच्या खोलीत फळीवर चामड्याचा चेंडू आहे. त्यावर पांढऱ्या रंगाने ‘हार्लन क्रीक १३, विंटन १२, १९४६’ असे लिहिले आहे. तो समोरच्या घरात राहणाऱ्या लाईल टेश यास द्यावा. याचे कारण लिहिणे भाग आहे.

त्या वर्षी आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघात तेवीस जण होतो. एकोणीस जण लढाईवरून परतलेले, मी इटलीतून, लाईल आरमारातून. मैदानामागच्या पत्र्याच्या बराकीत बायकोपोरांसह राहायचो. ब्रेक्के सर सकाळी रसायनशास्त्र शिकवत आणि दुपारी आम्हाला चिखलात लोळवत. पहिले तीन सामने हरलो, पुढचे चार जिंकलो. इतका आनंदाचा काळ मी पुन्हा पाहिला नाही.

शेवटचा सामना विंटनशी, आणि त्यांना आम्ही चौदा वर्षे हरवले नव्हते. आम्ही एका गुणाने पुढे होतो. शेवटच्या मिनिटाला ते चेंडू काखेत घेऊन आमच्या रेषेपासून चार हातांवर आले आणि त्यांच्या गड्याच्या हातून चेंडू सुटला. सगळे त्यावर पडले. सरांची शिकवण एकच होती, “चेंडू हाताला लागला की सोडायचा नाही, आई मागायला आली तरी.” माझ्या हाताला तो लागला तेव्हा दुसऱ्या कोणीतरी तो आधीच पोटाशी धरलेला होता. मी ओढला. कानाशी आवाज आला, “एमिल, मी आहे, लाईल. सोड.”

पंचांनी एकेकाला बाजूला करून ढीग उपसला, तेव्हा चेंडू माझ्या हातात होता. विजयाचा चेंडू रंगवून ज्याने सामना राखला त्याला देण्याची आमची रीत, त्याप्रमाणे तो मला मिळाला. माझे वडील कॉलेजला रिकामटेकड्यांचा अड्डा म्हणत. त्या दिवशी ते पहिल्यांदा आले होते, आणि त्यांनी मला मिठी मारली.

लाईलने नंतर एकदाच विचारले, “खाली माझा आवाज ऐकला नाहीस का रे?” मी म्हणालो, “त्या गोंधळात कोणाला काय ऐकू येणार?”

मी ऐकला होता. स्पष्ट ऐकला होता. एकोणपन्नास वर्षे शेजारी राहून हे सांगायचे धैर्य मला झाले नाही, याची मला लाज वाटते.

पुरवणी, त्याच दिवशी. लाईलला मी साक्षीदार म्हणून बोलावले होते. वकीलबाई म्हणाल्या, “टेश, तुम्हाला सही करता येणार नाही. ज्याला काही मिळणार, तो साक्षीदार चालत नाही.”

“मला काय मिळणार? एमिलचं कुत्रं?” लाईल म्हणाला. बाईंनी कलम ४ वाचून दाखवले. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली आणि तो माझ्याकडे वळला.

“म्हणजे ऐकलं होतंस.”

“ऐकलं होतं.”

“मला वाटायचंच.” मग म्हणाला, “मग तो चेंडू आजच दे. तू मरायची वाट बघत बसू काय? तुझ्या घराण्यात सगळे नव्वदी गाठतात.”

सबब कलम ४ रद्द. चेंडू आज दुपारी मी माझ्या हाताने लाईलच्या घरी पोचवला आहे. आता त्याला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नसल्याने त्याच्या सहीस हरकत उरलेली नाही.

स्थळ: हार्लन क्रीक. दिनांक: १८ नोव्हेंबर १९९५.

लिहून ठेवणार: एमिल जे. वोंद्रा

साक्षीदार:
१. आयरीन स्टोल्टझ, ग्रंथपाल
२. लाईल टेश, ज्याच्याकडे चेंडू आहे