ढाक्याबाहेरून आलेलं पत्र

मी, जनू हिरामण म्हात्रे, वय ७६, लष्करातला निवृत्त शिपाई, राहणार खारेपाट, तालुका पेण, पुढच्या सोमवारी हृदयाच्या ऑपरेशनला जाण्याआधी, पूर्ण शुद्धीत आणि कोणी भरीला घातलेलं नसताना हे लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पत्नी ठमाबाई हिचं मत वेगळं आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव ठमाबाईला. तिच्या हयातीत कोणी हिस्सा मागू नये.

२. खाडीकाठची भातजमीन मुलगा मितेश याला. धाटावच्या कंपनीतली शिफ्ट सांभाळून त्याने बांधाकडे लक्ष द्यावं. मी लढाईवर असताना हा बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं, तेव्हा शेजारच्या कान्हूने तीन दिवस कमरेएवढ्या चिखलात उभं राहून तो घातला. अजून गाव त्याला कान्हूचा बांध म्हणतं. सातबाऱ्यावर नाव माझं आहे, हे मितेशने लोकांना सांगत राहावं.

३. माझी ट्रंक आणि लढाईचं पदक मुलगी प्रतिक्षा, राहणार रोहा, हिला. पदक सगळ्यांनाच मिळालं होतं, फार मिरवू नये.

४. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द. ते असं. डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्याला आमचा वेढा होता आणि दुसऱ्या दिवशी शहरावर चढाई होती. प्रत्येकाने घरी शेवटचं पत्र लिहून कारकुनाकडे द्यायचं, जिवंत परतलो तर फाडायचं, असं ठरलं. मी ठमाबाईला लिहिलं, "मी नाही आलो तर कान्हूशी पाट लाव. माणूस चांगला आहे." कान्हू तेव्हा बिनलग्नाचा होता आणि मी बावीस वर्षांचा, उदार. मग शहराने शस्त्रं खाली ठेवली, चढाई रद्द झाली, आम्ही नाचलो आणि त्या आनंदात कारकुनाने सगळी पत्रं टपालात टाकली.

ठमाबाईला वाचता येत नाही. पत्र तिला कान्हूनेच वाचून दाखवलं.

सुट्टीवर आल्यावर मी तिला विचारलं, "मग काय ठरवलं होतंस?" ती म्हणाली, "कशाचं काय? जेवा आधी." चौपन्न वर्षं तिने ताकास तूर लागू दिलेला नाही. कान्हूची बायको सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून तो रोज सकाळी आमच्याकडे चहाला येतो आणि कप माझ्याआधी त्याला मिळतो. माझा जळफळाट होतो, हे इथे स्पष्ट लिहितो.

५. कान्हूला काहीही नाही. ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये, असं वकील म्हणाले. म्हणून मुद्दाम पहिला साक्षीदार त्यालाच केलं आहे.

६. हे कलम नंतर घातलं आहे. कान्हूला सहीसाठी बोलावलं. त्याने सगळं वाचलं आणि चष्मा काढून म्हणाला, "जन्या, ते वाक्य मी तिला वाचलंच नाय. तू बरा हायस एवढंच सांगितलं, नि पत्र चुलीत घातलं. तू जिता असताना असलं कशाला वाचायचं?"

ठमाबाईने आतून विचारलं, चहा टाकू का.

सबब कलम ४ मध्ये दुरुस्ती. जुन्या पत्रातलं ते एक वाक्य कायम आहे. या वेळी चढाई रद्द होईल असं वाटत नाही. मी नाही आलो तर कान्हूने ते तिला वाचून दाखवावं, एकही शब्द न गाळता. काय ठरवायचं ते तिने ठरवावं. कलम ५ रद्द.

सही: जनू हिरामण म्हात्रे
पेण, १८ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:
१. कान्हू (वकिलांच्या नियमामुळे नाव खोडलं). त्याच्याऐवजी याकूब मुकादम, रोहा
२. हैबतराव देशमुख, पेण