हात दाखवून अवलक्षण

३ जून

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी निलंबित झालेली नाही. आज दुपारी हेडक्लार्ककाकांनी स्वतः येऊन सांगितलं. कारणे दाखवा नोटीस तेवढी आहे आणि सोमवारी, सोळाला साहेबांपुढे सुनावणी. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाचं भरता, म्हणून लिहिते.

व्हिडिओ शेजाऱ्यांनी दाखवलाच असेल. काचेला टेकलेला माझा पंजा आणि खाली ‘बाई तोंड लपवतात’. घडलं ते असं. जन्मदाखल्याच्या खिडकीशी एक मुलगी बाळ घेऊन उभी होती. तिच्या अर्जात वडिलांचा रकाना कोरा. तिच्यामागे एक वायरमन. त्याच्या वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यात आमच्याकडून नाव चुकलंय आणि आम्हीच त्याला परत परत पाठवतोय. तो चिडून मोबाइलवर शूटिंग करू लागला. मोबाइल त्या मुलीच्या अर्जावर वळला, तेव्हा मी काचेला हात लावला आणि म्हटलं, “माझं हवं तेवढं काढा, हिचा कागद नको.” नेमकं तेवढंच कापलंय.

साहेब म्हणतात, त्याने धक्काबुक्की केली असं लिहून दे, नोटीस मागे घेतो. नाहीतर बदली. लेकीची शाळा आत्ताच कुठे रुळतेय. मी सही केलेली नाही.

आईला सांभाळून सांगा. लोभ आहेच, तो या महिन्यात जरा जास्त लागेल.

तुमची,
बेबी


७ जून

चि. बेबीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते तू शब्दशः करून दाखवलंस. अख्ख्या इमारतीने मला बोलावून बोलावून व्हिडिओ दाखवला. आई म्हणते, पंजा थेट तिच्यावर गेलाय. तेवढंच तिचं समाधान.

तुझ्याच कचेरीत माझी नोकरी झाली. फार वेळ कोणी नुसतं बघत उभं राहिलं, तरी शिपाई त्याला बाकावर बसवायचा. सही कर आणि मोकळी हो. तो वायरमन चार वेळा ठाण्यात जाईल, फासावर काही जाणार नाही. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. नातीला घेऊन कुठे कुठे फिरशील?

रागावू नकोस, काळजीने लिहितो.

बाबा


९ जून

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. बाबा, पाणीच मुळी त्या वायरमनचं आहे. कर तो भरतो, पोहतो आपण.

साहेबांनी जबाब टाइप करूनच ठेवलाय. त्यात त्याने मला ढकललं असं आहे. मधे काच आहे, ढकलणार कसा? विचारलं तर म्हणाले, तपशील पोलीस बघतील. आता माझी बाजू घेणारा साक्षीदार एकच, तो व्हिडिओ. वर ‘शूटिंगला मनाई’ असा कागद खिडकीवर चिकटवायला दिलाय. कुठल्या नियमाखाली, ते विचारलं. उत्तर नाही, म्हणून कागदही नाही. बाकीच्यांना मी सांगितलंय, शूटिंग करू दे, आपण काम करत राहायचं, दुसऱ्याचा कागद तेवढा झाकायचा.

वायरमनचा दाखला शुक्रवारी दुरुस्त करून दिला. घेताना आभार नाहीत, शूटिंग मात्र सुरूच. असू दे.

सही करणार नाही. आशीर्वाद कमी करू नका.

बेबी


१३ जून

चि. बेबीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हेडक्लार्क काल मुद्दाम गाडीने इथे घरी येऊन गेला. पोरीला समजवा म्हणाला. मी विचारलं, काचेतून माणूस ढकलतात कसा, ते आधी मला समजव. तो चहा पीत बसला. मग साहेबांचा निरोप सांगू लागला, तेव्हा मी म्हणालो, “मुलगी माझी आहे, सही तिची आहे.” आईने त्याला दुसरा कप विचारला नाही.

कामावर असताना तोंडापुढे मोबाइल धरलेला मला अजूनही आवडत नाही. पण खोटं लिहून कोणाला पोलिसांच्या हाती द्यायचं, हे आमच्या वेळीही आम्ही करत नव्हतो. सोमवारी सुनावणीचं शूटिंग करा अशी मागणी कर. साहेब नाही म्हणतील, असं हेडक्लार्कच बोलून गेला. ते ‘नाही’ लेखी घे. बदलीचा हुकूमही तयार आहे म्हणे, गावाचं नाव तेवढं भरायचंय. नात आमच्याकडे राहील, इथल्या शाळेत जाईल; तुझ्या बदलीमागे तिला फिरायला नको.

रविवारच्या गाडीने निघतोय. आई सामान बांधायला येतेय, मी भांडायला.

बाबा